पेवातून आलेली ओ

हरिपुरात, नदीच्या अंगाला चंपाबाईंचं घर. अंगणाच्या कोपऱ्यात हळद साठवायचं जुनं पेव होतं. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आणि खाली जमिनीच्या पोटात खोलीएवढी पोकळी. नव्या नवरीपणातच सासूनं बजावलं होतं, पेवातली कोंडलेली हवा जीव घेते. म्हणून आधी कंदील सोडायचा, मग माणूस. आणि माणूस खाली असेपर्यंत वरून त्याच्या नावानं हाका मारत राहायचं. ओ आली नाही, की दोर ओढायचा. महापुराचं पाणी शिरलं, हळद धुऊन गेली, तेव्हापासून पेव रिकामंच होतं. तोंडावर फरशी घातलेली.

त्या दुपारी चंपाबाई अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. नात भाग्यश्री तान्ह्या आर्जवला घेऊन पहिल्यांदाच हैदराबादहून विमानानं कोल्हापूरला येत होती. तिला आणायला निघालेला तिचा बाप, चंपाबाईंचा मुलगा अजितकुमार, मोबाइल बघत पायरीवरच थबकला. कुठल्याशा देशाच्या रॉकेटचा वापरून झालेला सांगाडा आभाळातून खाली येत होता, आणि त्याची वाट आता आपल्याच बाजूची दिसत होती. विमानं सोडणं थांबवलं होतं. भाग्यश्रीचं आधीच सुटलं होतं. खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा तुकडा लागला तरी विमानाचं काही खरं नसतं, हे त्याला आईला सांगायचं नव्हतं, पण तो सांगून बसला.

“लाखात एखाद्या वेळी व्हतं असं, आई. घाबरू नको.”

“ती एक वेळ कुणाच्यातरी लेकराचीच असती की रं,” चंपाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पायाखाली बारीक थरथर जाणवली. शेजारची गिरण असेल म्हणावं, तर वीज गेलेली. थरथर पेवाकडे वाढत होती. चंपाबाईंनी फरशीला कान लावला. आत एकसारखी घरघर चालली होती. शिखरजीच्या यात्रेला जाताना त्या एकदा विमानात बसल्या होत्या. ही घरघर त्यांच्या ओळखीची होती.

अजितकुमारनंही कान लावला. कोंडलेला वारा असेल, असं पुटपुटला, आणि पहार आणायला धावला. फरशी सरकली, तशी कोरडी गार हवा वर आली. सवयीनं त्यानं कंदील पेटवून दोराला बांधून सोडला. ज्योत विझली नाही. धावत्या गाडीत व्हावी तशी आडवी झाली.

खालून मूल रडल्याचा आवाज आला.

चंपाबाईंनी दोर हातात घेतला आणि वाकून हाक मारली.

“भाग्यश्री!”

“ओ,” खालून आलं. झोपेतल्यासारखं.

“भाग्ये!”

ओ आली नाही.

त्यांनी दोर ओढला. हलेना. कंदिलाला एवढं वजन नव्हतं. अजितकुमारनं मागून धरला. दोघांनी पाय रोवले, हात सोलवटले, आणि एकाएकी दोर सैल झाला.

कंदील वर आला, जळतच. घरघर थांबली होती.

मग फोन आला. भाग्यश्री हसत होती आणि रडतही होती. सुखरूप उतरलो, म्हणाली. विमान एकदम कुणी उचलल्यासारखं वर गेलं, आणि खालून जाळाची लांब रेघ निघून गेली. वैमानिकानं काही केलं नव्हतं. वाऱ्याचा झोत असावा, असं तोच नंतर म्हणाला. चंपाबाई होत्या तिथंच बसल्या, आणि पदरात तोंड घालून हसू लागल्या.

दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. सोलवटलेल्या हातानं अजितकुमारला घास धड धरता येईना, तरी तो दोनदा भात मागून जेवला.

“पुढल्या खेपेला एसटीनंच येते, आज्जी,” भाग्यश्री म्हणाली. “दोन दिवस लागले तरी चालतील.”

जेवणं झाल्यावर चंपाबाईंनी पणतूला मांडीवर घेतलं. अजून त्याला बसताही येत नव्हतं. त्यांनी त्याचे मोजे काढले.

दोन्ही तळपाय पिवळेधमक होते. कोरडी हळद बोटांच्या बेचक्यांत शिरली होती, हळदीतून चालत आल्यावर शिरते तशी.