वीस फळांची शिकवणी

थरथरीला, म्हणजे फांद्या हलवून फळं पाडणाऱ्या यंत्राला, रोज सकाळी शिकवावं लागे, आणि चिखलदऱ्याच्या त्या कॉफीच्या मळ्यात ते काम रामकली कासदेकरचं होतं. बोटात ताणमापक अंगठी घालायची आणि वीस पिकलेली फळं हाताने तोडायची, बस्स. फळ पिकलं की देठ सैल होतो आणि ते वेगळ्याच तालावर डुलायला लागतं. तो ताल अंगठीकडून कळला, की थरथरी फांदी नेमकी तशीच हलवी. पिकलेलं जाळीत पडे, हिरवं फांदीवर राही. पण दवाने, थंडीने ताल रोज बदले. एवढं शहाणं यंत्र, पण दर सकाळी बाईच्या चिमटीपुढे पहिलीच्या वर्गात बसायचं.

शिकवणी संपली की तेच यंत्र फांदीला लावून दिवसभर हातात धरायचं. रामकलीने चार हंगाम धरलं. त्या कंपाने या थंडीत तिची बोटं पांढरीफटक पडायला लागली होती. चुलीतला निखारा लागला तरी कळलं नाही, वास आला तेव्हा कळलं. तिने ते घरातसुद्धा सांगितलं नाही. सांगून काय, घरी बसायचं?

बोटांना कळलं नाही तरी रंगावरून भागेल असं तिला वाटलं होतं. पण हल्लीच्या उन्हात कच्ची फळंही लाल होतात. खरं पिकलेलं चिमटीत अलगद येतं, फसवं लाल अडून बसतं. फरक फक्त बोटांना कळतो. त्या सकाळी तिने वीस लाल फळं तोडली आणि अंगठीने ती पिकलेली म्हणून मानली. दुपारी जाळी उपसली तर निम्मा माल कच्चा.

यंत्राच्या इंजिनिअर गावंडे मॅडम जाळीपाशी उकिडव्या बसल्या. त्याही सकाळपासून उभ्याच होत्या. "मावशी, यंत्र बिघडलं का हो?"

हो म्हणणं किती सोपं होतं. रामकलीच्या ओठांवर आलंही होतं.

"यंत्राले काई नाई झालं," ती म्हणाली. "माहे बोटं मेले. फळ धरलं का खडा, समजत नाई."

मॅडमनी तिचं बोट नखाने दाबलं. रामकली ढिम्म राहिली. मॅडमनी बोट सोडलं. मग हळूच म्हणाल्या, "देठ किती कंप सोसतो ते तीन वर्षं मोजलं आम्ही. हाताचं कुणी मोजलंच नाही."

"आता?"

"तुम्ही आराम करा, मावशी. उद्यापासून तुमच्या सुनेला जमेल का?"

न जमायला काय झालं, रामकलीनेच तर शिकवलं होतं. सुगंती खालच्या ओळीत उभी होती, बोलता बोलता, झाडाकडे न बघता फळं चाचपत होती. पिकलेलं बरोबर तिच्या हातात येत होतं. रामकलीला चार हंगामांचा शीण एकदम आला. ती तिथेच बांधावर बसली.

"जमन तिले," ती म्हणाली. "पण मॅडम, तुमचं यंत्र एवढं सारं मोजते. तिचे बोटं किती हंगाम पुरतीन, तेही मोजून सांगान का?"