एकशे अठरा नंबर

उत्कर्षाचं ऑफिस खराडीत, नवव्या मजल्यावर. आणि तिचं सगळं लक्ष चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत, जमिनीखाली दोनशे मीटर. हेल्मेटमधल्या चिपमुळे कुठला कामगार कुठे आहे ते तिच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसे. खाणीकडून आलेल्या हेल्मेटच्या नंबरांच्या यादीत एकशे सतरानंतर थेट एकशे एकोणीस होता. पुण्यात राहून यादीतली अशी फट कोणाला सहन होते? हिनं एकशे अठरा स्वतःच भरून टाकला होता.

मंगळवारी सकाळी अकराला खाली एक्केचाळीस माणसं होती आणि ठिपके बेचाळीस. जादाचा ठिपका एकशे अठराचा. कोळसा काढतात तिथून तो पिंजऱ्यापर्यंत, म्हणजे खाणीच्या लिफ्टपर्यंत येई, परत आत जाई, पुन्हा येई. लोकांना जेवायला बोलवावं आणि कोणी उठूच नये, तशा त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

तिनं खाणीवर कामगारांना हेल्मेटचे दिवे वाटणाऱ्या हिंमतरावांना स्पीकरवर फोन लावला. एकशे अठरा कोणाकडे आहे, विचारलं.

"तो नंबर आम्ही कोणाला देत नाही जी. संतोषचा होता. अकरा वर्षांमागं छत पडलं. तो सापडलाच नाही."

मॅनेजर ऋषी मागेच उभा होता. बाराला मोठे साहेब बघायला येणार, त्याआधी तो ठिपका उडव म्हणाला. भुताखेतांपायी खाण थांबवायची असेल तर उद्यापासून आपण घरीच बसावं, हेही जोडलं. उत्कर्षाला भीती वाटत होतीच, पण संताप त्याहून जास्त होता.

"बसते," ती म्हणाली, आणि सगळ्यांना वर बोलवायचं बटण दाबलं.

पाऊण तासात एक्केचाळीस जण वर आले. हिंमतरावांनी दोनदा मोजले. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि खालचे सेन्सर एकामागून एक बंद पडत गेले. छत बसलं होतं.

ऋषीनं पडद्यावर बोट ठेवलं. "आता तरी तो डिलीट कर. प्लीज."

एकशे अठरा पिंजऱ्यापाशी येऊन थांबला होता.

चालूच ठेवलेल्या फोनमधून घंटा ऐकू आली. खालून कोणाला वर यायचं असलं की देतात ती.

"बाई, काय करू?" हिंमतरावांनी विचारलं.

"पिंजरा सोडा, काका. माझ्या यादीत आहे तो."

पिंजरा रिकामा खाली गेला. वर येताना पडद्यावर त्यातलं वजन दिसत होतं, अठ्ठावन्न किलो.