सात नंबरची चिठ्ठी

आमच्या खोऱ्यातली गाडी एकाच डब्याची. चढताना यंत्रातून स्टेशनच्या नंबराची चिठ्ठी ओढायची, उतरताना ती मोटरमनच्या पेटीत टाकायची. पहिल्याच दिवशी माझी चिठ्ठी अडकली आणि मोटरमन शिओमी स्वतः उठून आला. पांढऱ्या हातमोज्यातली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली...

"दवाखान्यातल्या नव्या नर्स ना तुम्ही? जोर नका लावू. गोंजारून ओढा."

"सगळ्यांनाच असं शिकवता?"

"नाही," तो म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

तेव्हापासून मी रोज पुढच्याच सीटवर. सिग्नल आला की तो बोट रोखून मोठ्यांदा म्हणायचा, "पुढे मोकळं!" मी हळूच म्हणायचे, "मोकळं!" तो आरशातून हसायचा.

सात नंबरच्या तोनोसावा स्टेशनात मात्र तो हसत नसे. दरड कोसळून ते स्टेशन तीन वर्षांपूर्वीच बंद झालेलं. तरी तो गाडी पूर्ण एक मिनिट थांबवायचा, मागचं दार उघडायचा. कुणीच चढायचं नाही... आणि यंत्र खटकन चिठ्ठी सोडायचं. बघावं तर चिठ्ठी गायब, आणि मागची सीट ओली.

प्रवासी उरले नाहीत म्हणून आमची रेल्वे लाईन कायमची बंद होणार होती; त्याच्या आदल्या दिवशी मी विचारलंच, "कोण चढतं हो तिथे?"

"किनुए. आमचं लग्न ठरलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी गाडी वीस सेकंद लवकर सोडली. ती स्टेशनच्या पायऱ्या चढत होती... मग दरड आली."

आमच्याकडे गाडीला उशीर झाला तर माफी असते. लवकर सुटलेल्या गाडीला माफी नाही.

"रोज चढते, पण उतरत नाही. उद्याची शेवटची फेरी झाली की मीच चालत जाणार तिच्याकडे. परत यायचं नाही."

"आणि मी, शिओमीसान? माझं काय?"

त्याने समोर बघत गाडी सोडली. रात्रभर मी रडले, चिडलेही.

दुसऱ्या दिवशी बर्फाने घाटरस्ता बंद झाला. निरोपाला कुणी आलं नाही, शेवटच्या गाडीत मी एकटीच. तोनोसावाला दार उघडलं. खटक्! मी उठून मागच्या सीटपाशी गेले.

"किनुएताई, तुमची भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू? पण हा माणूस मला जिवंत हवाय. आज उतरा... चिठ्ठी देऊन उतरा."

माझ्या तळहातावर काहीतरी गार टेकलं आणि कुणीतरी माझी मूठ मिटली.

शेवटच्या स्टेशनात मी मूठ उघडली. ओली चिठ्ठी. सात नंबर.

"काय म्हणाली?" शिओमीने विचारलं.

"काही नाही. फक्त मूठ मिटली माझी."

त्याने चिठ्ठी पेटीत टाकली. पुढचं दार आपोआप उघडलं, आणि बाहेरच्या कोवळ्या बर्फात एका बाईची पावलं उमटत उमटत लांब गेली.

त्याने बोट पावलांवर रोखलं. "उतरली... एक." मग तेच बोट माझ्याकडे वळलं. "पुढे—?"

या वेळी मी हळू बोलले नाही.

"मोकळं!"