बाबल्याचा पट्टा

लालबागला मसाला दळून आणते, असं नवऱ्याला सांगून पद्मजा वडाळ्याहून निघाली. मसाला हे नुसतं निमित्त. पिशवीत मिरच्यांखाली बाबल्याचा पट्टा होता.

बाबल्या म्हणजे कुत्रा. पण घरात तसं म्हणायची सोय नव्हती. सासूबाई, आनंदीबाई, त्याला 'माझो धाकटो झिल' म्हणायच्या आणि थोरल्या मुलाच्या, म्हणजे पद्मजाच्या नवऱ्याच्या, सुशांतच्या, ताटातली कोलंबी उचलून त्याला भरवायच्या. गावाहून लग्नाचं आमंत्रण आलं की दाताला मशेरी लावता लावता एकच उत्तर : "बाबल्याक सोडून मी खंयच जावचंय नाय." गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. बाबल्यानं अन्न सोडलं आणि महिन्याभरात तोही गेला.

मग लालबागची त्यांची चाळ पाडायचं ठरलं. निघताना सुशांतनं उंबऱ्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सगळ्या पूर्वजांनो, आये, तू पण... आमच्यावांगडा नव्या घरात चला." बाबल्याचं नाव कुणी घेतलंच नाही. पद्मजानंही नाही, आणि तेच तिला खात होतं. तो बिचारा अजून चाळीतल्या बंद दाराशी वाट बघत बसला असेल, असं तिला सारखं वाटायचं. नव्या घरात सासूबाईंच्या फोटोपुढचा दिवाही टिकेना. "चौदावा मजला आहे, वारा लागतो," सुशांत म्हणायचा. ती खिडक्या लावून घ्यायची. दिवा विझायचाच.

रिकाम्या चाळीत तिन्हीसांजेचा अंधार लवकर शिरला होता. ओल्या चुन्याचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीच्या दाराशी, ती पट्टा सैल धरून वाकली.

"बाबल्या... चल रे सोन्या. चुकलं माझं... घरी चल."

काहीच नाही. तिला रडू कोसळलं. मग आतल्या फरशीवर नखं वाजली... आणि पट्ट्याला हिसका बसला, अगदी त्याचाच. खरं तर घाबरायला हवं होतं. तिला हसू फुटलं.

ती जिना उतरू लागली. नखं बरोबर उतरत होती. अर्ध्या जिन्यात मागून आणखी काहीतरी उतरू लागलं... सावकाश, पायरी-पायरीला दम घेत. तिनं वळून पाहिलं नाही.

घरी सुशांतनं दार उघडलं आणि तो तिथेच थबकला.

"मसाला आणायला गेली होतीस ना? मग हा... आईच्या मशेरीचा वास कसला?"

तिच्या हातातला पट्टा एकदम हलका झाला. नखं वाजत वाजत फोटोच्या दिशेनं गेली. तिच्याकडे एकदाही वळली नाहीत. पद्मजानं रिकामा पट्टा पोटाशी धरला.

फोटोपुढचा दिवा संथ जळत होता. आज तो कुणी लावलाच नव्हता.