खिंडीकडचा वारा

वृंदा शितोळे पुन्हा गोल्फच्या चेंडूसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं आणि डोक्यावर आभाळ नव्हतं. नाशिकजवळचं ते एक जुनं विमानघर होतं. विमानं केव्हाच गेली होती. आत क्रीडायांत्रिकीची प्रयोगशाळा थाटली होती. जमिनीवर हिरवळ अंथरली होती आणि पार टोकाला एक झेंडा रोवला होता.

"फटका मारताना नाही चुकत कोणी," डॉ. अमोघ केळुसकर त्यांच्या खांद्यावरचे पट्टे आवळत म्हणाले. "स्टिक हलायच्या आधीच चुकलेलं असतं. पावलं कुठं रोखलीत, चेंडू किती पुढं आहे, पकड कशी आहे, या तीन गोष्टी नेमक्या तशाच ठेवल्या तर फटकाही तसाच बसतो. आमचं पवित्राकवच एवढंच करतं. जुन्या चित्रफितीतून तुमचा पवित्रा मोजतं आणि तुम्हाला त्यात आणून उभं करतं. जोर कमी पडला तर तोही पुरवतं."

"एझ्रा सर हेच सांगायचे," वृंदाताई म्हणाल्या. "कवचाशिवाय."

एझ्रा रोहेकर त्यांचे गुरू. देवळालीच्या पलीकडच्या माळावर एक मैदान होतं. तिथं शेवटच्या खड्ड्यापाशी सर रोज दुपारी त्यांच्याकडून फटके मारून घेत आणि कॅमेऱ्यात टिपून ठेवत. उन्हानं पिवळं पडलेलं गवत, सरांच्या थर्मासमधला आल्याचा चहा, खिंडीकडून पाठीवर येणारा वारा. आता त्या माळावर इमारती आहेत.

राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरीही तिथंच झाली होती. शेवटचा फटका झेंड्याच्या डावीकडं तळ्यात गेला. सर एवढंच म्हणाले, "पाय हलले तुझे." ते रागावून बोलले नव्हते, पण ज्या पायांवर तिचा सगळा भरवसा होता, ते दगा देतात म्हटल्यावर वृंदानं स्टिक खाली ठेवली ती कायमची. पुढं सर गेले. त्यांच्या चित्रफिती मात्र राहिल्या, आणि त्या पाहूनच अमोघ वृंदाताईंपर्यंत पोचले होते. इतका एकसारखा खेळ त्यांनी कुणाचाच पाहिला नव्हता.

कवचानं त्यांची पावलं हलकेच सरकवली, गुडघे वाकवले. पंचविशीतलं आपलं शरीर आतून भेटायला आल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी फटका मारला. चेंडू सुरेख उडाला आणि झेंड्याच्या बराच डावीकडं पडला.

मग दुसऱ्या एका दिवसाच्या चित्रफितीतला पवित्रा घेतला. पुन्हा तिथंच. तिसराही तिथंच.

अमोघचा चेहरा पडला. "मोजणीत चूक दिसते. चित्रफितीत तर हे सगळे झेंड्यापाशी पडलेत."

"आता तो शेवटचा लावा," वृंदाताई म्हणाल्या. "अंतिम फेरीतला."

"नको, ताई."

"एकदा बघू दे मला, पाय किती हलले होते ते."

कवच पुन्हा सरकायला हवं होतं. ते सरकलंच नाही. पावलं होती तिथंच राहिली. फटका बसला आणि चेंडू आधीच्या तीन चेंडूंच्या घोळक्यात जाऊन थांबला.

मग डॉ. तस्नीम मुजावर पुढं आल्या. विमानघराच्या मागच्या भागात त्या ड्रोनवर वाऱ्याच्या चाचण्या घेत आणि या भागातले वारे त्यांना पाठ होते. मघापासून त्या उभ्यानं बघत होत्या.

"मोजणी बरोबर आहे, अमोघ. इथं वारा नाही, एवढंच. माळावर तो खिंडीतून, झेंड्याच्या रेषेच्या डावीकडून, म्हणजे यांच्या पाठीमागून यायचा आणि चेंडू उजवीकडं ढकलायचा. म्हणून यांचे पाय डावीकडं रोखलेले. ताई, वारा बघून रोखायचात का?"

"नाही. एकदा पाय ठेवले की इकडंतिकडं बघायचं नाही, अशी सरांची ताकीद होती. पायांनाच सवय झाली होती."

"अंतिम फेरी किती वाजता संपली?"

"लांबली होती. दिवस मावळत होता."

"मावळतीला खिंडीतला वारा पडतो," तस्नीम म्हणाल्या. "पाय हलले नव्हते, ताई. हलायला हवे होते."

वृंदाताई तिथंच हिरवळीवर बसल्या. इतकी वर्षं ज्या पायांवर राग धरला होता, त्यांच्याकडं बघत राहिल्या. सरांना हे सांगायला हवं होतं. सर आधी चिडले असते, मग हसले असते.

"तो वारा किती होता, हे काढता येईल?" त्यांनी विचारलं.

"काढलाय," तस्नीम म्हणाल्या. "तुमच्या पावलांच्या कोनातच तो आहे."

त्यांनी चाचण्यांचे चाकांवरचे उंच पंखे ढकलत आणून डाव्या भिंतीशी ओळीनं लावले. पाती फिरू लागली. वारा आला तो थेट पाठीवर, अगदी तेवढाच. वृंदाताईंनी डोळे मिटले. इमारतींखाली गाडला गेलेला सगळा माळ त्यांच्या मागं उभा राहिला.

अंतिम फेरीतला पवित्रा, तोच फटका. चेंडू डावीकडं निघाला, हवेत कलला आणि झेंड्याच्या काठीला घासून पडला.

अमोघ नवा चेंडू ठेवू लागले, तसा वृंदाताईंनी हात वर केला.

"आधी हे कवच काढा," त्या म्हणाल्या. "आता पाय माझे मी ठेवते."