बंद इंजिनाची ओढ

पारूकाकूची मासळीची व्हॅन काळा धूर ओकत सालवड रस्त्यावरच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा कुंदनने बॉनेट उघडायच्या आधीच दुखणं ओळखलं. पेट्रोल जास्त जात होतं. कुठल्याशा शहाण्याने रेग्युलेटरवरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून तो तसाच लोंबकळत सोडला होता. पाइप जाडीला केवढा, तर करंगळीएवढा. पण इंजिनाची ओढ त्यातूनच रेग्युलेटरला कळते आणि पेट्रोलचा दाब आवरला जातो. असली खोडी आपल्याइतकी पटकन अख्ख्या बोईसरात कोणी पकडत नाही, असं निदान कुंदनचं मत होतं.

व्हॅन ठेवून पारूकाकू बाजारात गेली आणि किल्लीपाशी निमेश बसला. दोघे सातपाटीचे, दोघांचे बाप एकाच बोटीवरचे, आणि शेडमध्ये अकरा वर्षांची भागीदारी. शेडचे कागद तेवढे एकट्या निमेशच्या नावावर होते, कारण सह्यांच्या दिवशी कुंदन तापाने फणफणला होता. पुढे नाव चढवायचं राहूनच गेलं. घरच्या माणसाकडे कागद कोण मागतो?

"मार स्टार्टर."

इंजिन सुरू झालं. कुंदनने नवा पाइप इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवर चढवला आणि मोकळ्या टोकावर अंगठा धरला. अंगठा आत खेचला गेला. ओढ झकास होती.

"कर बंद."

इंजिन थांबलं. निमेश उतरून समोरच्या बाजूने प्लग काढायला वाकला. बाहेरून कंपनीची शिफ्टची बस गेली.

अंगठा अजून खेचला जात होता.

उरलेली ओढ असेल, असं कुंदनने स्वतःला सांगितलं. पण ती दोन सेकंदांत संपते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने अंगठा उचलून पुन्हा लावला. ओढ आता थांबून थांबून येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. पाइपाचं तोंड कोमट होतं.

गळती शोधताना तो नेहमी पाइप कानाला लावायचा. सवयीने आताही लावला.

"शेड विकायचं नक्की झालंय, हेमांगी. सोमवारी ट्रान्सपोर्टवाल्याला चावी देयाची हाय. कुंदनला काय बोलू नको. समजंल तवा समजंल."

आवाज निमेशचा होता आणि हेमांगी म्हणजे त्याची बायको. कुंदनने बॉनेटखालून समोर पाहिलं. निमेशचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"सोमवारी चावी कोनाला देतोस?"

निमेशचा पाना थांबला. "कसली चावी?"

"शेडची. ट्रान्सपोर्टवाल्याला. हेमांगीवैनीला सांगितलंस ना?"

निमेशचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कोनी सांगितलं? काल घरात आमी दोघंच होतो. दार लावलेलं होतं."

"खरं हाय का नाय, तेवढं सांग."

"सही झालीय. मी तुला सांगनारच होतो."

"कवा?"

निमेश पाना पुसू लागला.

कुंदनला संताप आलाच. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं ज्याच्या डब्यातला बोंबील खाल्ला, त्यानेच केसाने गळा कापला होता. आणि ते कळलं कुठून, तर वीतभर रबराच्या नळीतून!

"एवढे प्लग बसवतो आन् जातो," निमेश पुटपुटला आणि खाली मान घालून इंजिनावर वाकला.

कुंदनच्या हातातल्या पाइपाने पुन्हा ओढ घेतली. नको नको म्हणत त्याने तो कानाला लावला.

या खेपेला आवाज ओळखायला वेळ लागला. फार शांत, समजूतदार आवाज होता.

"नाय वैनी, तो दुपारीच गेला. मीच सोडला त्याला स्टेशनवर. पुढचं मला काय माहीत नाय."

तो कुंदनचा स्वतःचा आवाज होता.

घड्याळात सकाळचे सव्वाअकरा झाले होते. दुपार अजून व्हायची होती.

कुंदनने पाइप रेग्युलेटरवर दाबून बसवला. क्लिप लावली. हात पुसले.

मग जाऊन त्याने शटर अर्ध्यावर ओढलं.

"शटर कशाला?" निमेशने मान वर न करता विचारलं.

"ऊन येतंय."

"बरं," निमेश म्हणाला.

शेडचं तोंड उत्तरेला होतं. आत ऊन कधीच येत नसे.