पहिलं मशीन

"आधी माझ्या मशीनवर टाक. मी बसून बघतो. मग बाकीच्यांना."

मास्तर नेहमी असंच म्हणायचे. इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एका जागेवरून अपडेट पाठवायचं काम त्यांनीच मला शिकवलं. त्यांचा होकार आला, की देवाचं नाव घेऊन मी ते अपडेट बाकीच्यांना सोडायची. सगळीकडे सुखरूप पोचेपर्यंत पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम. आमच्या हातून रुग्णाच्या उशाशी असलेला एकही पडदा कधी काळा पडला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी देवापुढेही लपवत नाही.

मास्तर वारले. त्यांचं मशीन मी स्वतः कोरं करून, वायर काढून, त्यांच्या खुर्चीसकट तळघरात ठेवलं. पहिल्या तपासणीचा मान नव्या मशीनला दिला.

आज सकाळी अपडेट सोडलं, ते अडलं. पडद्यावर मास्तरांच्या मशीनचं नाव. पुढे: नकार.

"ताई, ते तर बंद आहे ना?" शेजारच्या तंत्रज्ञाने विचारलं.

"बंदच आहे."

"मग नाही कोण म्हणतंय?"

मी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

आमच्या विभागाचे साहेब आले. "काय ताई, आज कडक उपास वाटतं? सोडा की. एका भंगारापायी सगळे ताटकळलेत."

"मास्तरांचा नकार मी कधी ओलांडला नाही, साहेब."

"मास्तर आहेत कुठं आता?" साहेब हसले. स्वतःच्याच कॉम्प्युटरवर त्यांनी अपडेट टाकून दाखवलं.

तो काळा पडला. पुन्हा उठलाच नाही.

वर, वॉर्डांमध्ये, सगळे पडदे चालू होते. माझी मान ताठ झाली.

दुपारी दुरुस्त केलेलं अपडेट आलं. मी पाठवलं. या खेपेला नकार नाही, होकारही नाही. तपासणाऱ्याच्या जागी मास्तरांचं नाव नव्हतं.

माझं होतं. मी ते घातलं नव्हतं.

शेवटच्या भेटीत मास्तरांनी विचारलं होतं, "माझ्यानंतर तिथं कोण बसेल गं?"

"मी बसेन," मी म्हटलं होतं.

तळघराचं कुलूप मीच उघडलं. वायर तशीच गुंडाळलेली होती. पडदा उजळला होता.

मास्तर चांगले उंचापुरे. मी त्यांच्या खांद्यालाही लागत नसे.

मशीनसमोरची त्यांची खुर्ची माझ्या उंचीला उतरवून ठेवलेली होती.

दार आतून हलकेच लोटून मी तिच्याकडे निघाले.